वीस लिटरची बादली आणि चौथा मजला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इमल्शनचा, म्हणजे भिंतींच्या पाण्यावरच्या रंगाचा, छोटा कारखाना आहे, रंगकाम कंत्राटदारांसाठी वेगळी मालिका काढायची आहे आणि तिचं पॅकिंग पर्यावरणाला कमी त्रास देणारं, उचलायला-वापरायला सोपं हवं आहे. डिझायनरने तीन पर्याय दिलेत. पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लास्टिकची पिशवी, चौकोनी डबा, किंवा नेहमीचीच वीस लिटरची बादली, पण पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकची आणि बांबूच्या मुठीची. साइटवर माणसाला खरोखर काय लागतं, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सव्वीस वर्षं रंगकामाची कंत्राटं घेतोय. त्याआधी चार वर्षं हेल्पर होतो, आणि हेल्परचं निम्मं काम बादल्या वाहण्याचं असतं. त्यामुळे माझं उत्तर मटेरियलपासून सुरू होणार नाही. तुमच्या डिझायनरचे तिन्ही पर्याय डबा कशाचा बनवायचा याबद्दल आहेत. त्यात किती रंग भरायचा, हे कोणी विचारलेलंच दिसत नाही. मी तिथूनच सुरुवात करतो.

पाण्यावरच्या इमल्शनची घनता लिटरला साधारण १.३ ते १.५ किलो. स्वस्त मालात भरणी, म्हणजे खडूसारखी पूड, जास्त, म्हणून तो आणखी जड. १.४ धरा. वीस लिटरचे झाले अठ्ठावीस किलो, वर बादलीचा सुमारे एक किलो. म्हणजे एकोणतीस किलोचं ओझं, तेही एका बारीक कडीला लटकलेलं. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. सगळी परिस्थिती अनुकूल असेल, म्हणजे दोन्ही हात, वजन अंगाजवळ, कमरेत पीळ नाही, उचलायची उंची योग्य, तर ते २३ किलोपासून सुरू होतं आणि परिस्थिती बिघडेल तसा आकडा खाली येतो. एका हाताने उचलण्याला ते सूत्र लागूच होत नाही. आता आमची परिस्थिती बघा. सोसायटीची लिफ्ट 'कामगारांनी सामान नेऊ नये' म्हणून बंद, जुन्या वाड्याचा जिना दोन फूट रुंद, दोन्ही हातांत दोन बादल्या आणि खांद्यावर घोडीची दोरी. चार मजले. दिवसातून दोन वेळा.

एक बादली नेली की माणूस एका बाजूला झुकतो, म्हणून पोरं मुद्दाम दोन उचलतात, तोल राहतो म्हणून. यातच तुमचं उत्तर आहे. दहा लिटरच्या दोन बादल्या म्हणजे दोन्ही हातांत पंधरा-पंधरा किलो, तोल सांभाळलेला, आणि माल एका वीसच्या बादलीइतकाच. जर्मनीत भिंतीचा रंग साडेबारा लिटरच्या बादलीत सर्रास मिळतो, तिथले व्यावसायिक रंगारीही तीच वापरतात. आपल्याकडे मात्र 'कॉन्ट्रॅक्टर पॅक' म्हटलं की वीसच. का? दर लिटरमागे थोडा स्वस्त पडतो म्हणून. आणि दुसरं कारण बाहेरच्या माणसाला माहीत नसतं: टोकन. झाकणाखाली किंवा बादलीत रंगाऱ्यासाठी ठेवलेलं, पैशांत वटणारं टोकन, हल्ली त्याजागी स्कॅन करायचा कोड. वीस लिटरला जास्त मिळतं. तुम्ही दहा लिटरच्या दोन बादल्यांना मिळून वीसइतकंच टोकन दिलंत, तर निम्मी लढाई तिथेच जिंकाल.

यात तोटाही आहे. बादली लहान झाली की दर लिटरमागे प्लास्टिक वाढतं, कारण आतल्या मालाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ जास्त. पर्यावरणाच्या खात्यात हा खर्चच आहे. तरी मी दहा किंवा साडेबारा लिटरच्या बाजूने आहे. कमरेचं नुकसान भंगारात विकता येत नाही, आणि वाढलेलं प्लास्टिक दुसरीकडे वसूल करता येतं. ते पुढे सांगतो.

आता कडी. तार चार मिलिमीटरची, तिच्यावर प्लास्टिकची पोकळ नळी, आणि ती नळी दोन महिन्यांत फुटलेली. मग तार बोटांत रुतते. आमची पोरं तिला जुन्या साडीची चिंधी गुंडाळतात. हे चिंधीचं डिझाइन तुमच्या डिझायनरने एकदा हातात धरून बघावं. त्याच एनआयओएसएचच्या मार्गदर्शिकेत चांगल्या मुठीची मापं दिलेली आहेत: जाडी १९ ते ३८ मिलिमीटर, लांबी किमान ११५, बोटं जायला मोकळी जागा ५० मिलिमीटर, गुळगुळीत पण न घसरणारी. बाजारातल्या बहुतेक मुठी लांबीतच कमी पडतात. करंगळी बाहेर राहते आणि सगळा भार तीन बोटांवर येतो. आपल्या लोकांच्या हातांची मापं लागली तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीयांची शरीरमापं प्रसिद्ध केली आहेत, ती वापरा. परदेशी कॅटलॉगमधली मूठ जशीच्या तशी उचलू नका.

बांबूची मूठ फोटोत छान दिसेल. ओल्या हातांनी, पुट्टीच्या पाण्यात, पावसाळ्यात तीन महिने वापरली की ती चिरते आणि कुसळं निघतात. शिवाय भंगारवाल्याला ती काढून टाकण्याचं एक काम वाढतं. पोलादी तार तो पक्कडीने ओढून वेगळी करतो आणि वेगळी विकतो, त्याची त्याला तक्रार नाही. 'एकच मटेरियल' म्हणून कडीही प्लास्टिकची करा, असं कोणी सुचवेल. दहा लिटरला ठीक आहे. वीसला नको. उन्हात तापलेल्या टेम्पोतून उतरवताना प्लास्टिकची कडी हळूहळू ताणते आणि मग एक दिवस बादलीच्या कानातून, म्हणजे ती अडकवलेल्या भोकातून, निसटते. जिन्यावर निसटलेली बादली ज्याने पाहिली आहे, तो पुन्हा विषाची परीक्षा घेत नाही.

कडीइतकीच महत्त्वाची, पण कोणी देत नाही अशी गोष्ट म्हणजे तळाची पकड. रंग ओतताना एक हात कडीला आणि दुसरा तळाला लागतो. तळाची कड सरळ असते, त्यात बोटं शिरत नाहीत, म्हणून माणूस बादली मांडीवर टेकवून ओततो. तळाला दोन बाजूंनी बोटं जातील एवढी खोबण दिली तर साच्याचा खर्च थोडा वाढेल, पण ओतताना सांडणं निम्म्यावर येईल. सांडलेला रंग म्हणजे गिऱ्हाइकाची फरशी, आणि फरशीवरून होणारी भांडणं रंगाच्या बिलापेक्षा महाग पडतात.

झाकणाकडे या. फॅक्टरीचं सील फाडल्यावर झाकण भोवतीने उचकटावं लागतं. पोरं स्क्रू ड्रायव्हर नाहीतर पट्टीचं टोक घालतात, दोन-चार दाते तुटतात, आणि त्यानंतर ते झाकण कधीच घट्ट बसत नाही. रात्रभरात वर साय धरते. सकाळी ती साय तशीच ढवळली की रोलरवर गुठळ्या, म्हणून मलमलीतून गाळायचं, म्हणजे अर्धा तास गेला आणि गाळलेला रंग वाया. तेव्हा झाकणाला एका जागी अंगठ्याने उचलता येईल असा कान द्या, आणि पाच-सहा वेळा उघडझाप करूनही ते बसलं पाहिजे. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात अडचण येते डीलरकडच्या शेडच्या मशीनमुळे. बेसमध्ये, म्हणजे शेड न मिसळलेल्या मूळ रंगात, रंगद्रव्य टाकायला झाकण उघडावं लागतं किंवा मधोमध भोक पाडून बूच लावावं लागतं. मग बादली शेकरमध्ये वरून-खालून दाबून घुसळली जाते. सहज उघडणारं झाकण तिथे उघडलं, तर डीलर तुमचा माल पुन्हा दुकानात घेणार नाही. म्हणून झाकणाचा पहिला नमुना साइटच्याही आधी शेकरवर न्या.

झाकणाचा आणखी एक किस्सा, चूक माझीच. कोथरूडच्या एका सोसायटीत दोन फ्लॅट एकाच वेळी चालू होते. दोन्हीकडे ऑफ-व्हाइट, पण शेड वेगळे. शेडचं लेबल डीलरने झाकणावर चिकटवलेलं. दुपारी हेल्परने झाकणं अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी मी लेबल वाचून टच-अप मारला आणि तो वाळल्यावर हॉलच्या भिंतीवर सोळा ठिगळं दिसायला लागली. अख्खी भिंत पुन्हा. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: शेडचा नंबर बादलीच्या अंगावर मार्करने लिहायचा, झाकणावर नाही. तुम्ही बादलीच्या अंगावरच, छपाईविना, खरखरीत असा एक कोरा चौकोन सोडा. तिथे मार्कर नीट धरतो. शेड, खोली, तारीख, किती पाणी घातलं. याला खर्च जवळजवळ शून्य, आणि उलट त्या चौकोनापुरती शाई वाचते.

पाणी घालण्यावरून आठवलं. आपल्याकडे इमल्शन तसंच लावत नाहीत. कंपन्या स्वतःच पाण्याचं प्रमाण सांगतात, कित्येकदा तीस-चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त. भरलेल्या बादलीत तेवढी जागाच नसते. म्हणून रंगारी आधीच्या कामाची रिकामी बादली जवळ बाळगतो आणि अंदाजाने पाणी ओततो. अंदाज चुकला की झाकणशक्ती गेली, दोन हातांच्या जागी तीन हात द्यावे लागले आणि रंग जास्त खपला. बादलीच्या आतल्या बाजूला लिटरच्या रेघा उठवा. साच्यात एकदाच कोरायच्या आहेत. तोंडही किमान इतकं रुंद ठेवा की नऊ इंची रोलर आणि त्याची जाळी आत जाईल, म्हणजे वेगळा ट्रे नको. प्रत्येक वेगळ्या भांड्यात थोडा रंग चिकटून वाया जातोच.

या चिकटलेल्या रंगावर मला जरा थांबायचंय. 'हिरवं पॅकिंग' म्हणताना लोक प्लास्टिक मोजतात, आत राहिलेला रंग मोजत नाहीत. हिशोब सोपा आहे. वीस लिटरची बादली साधारण तीस सेंटिमीटर व्यासाची आणि पस्तीस सेंटिमीटर उंचीची. आतली भिंत आणि तळ मिळून अंदाजे ०.४ चौरस मीटर. तिथे एक मिलिमीटर जाडीचा थर राहिला, तर झाला ०.४ लिटर, म्हणजे मालाच्या दोन टक्के. एक लिटरच्या डब्यात त्याच जाडीच्या थराने पाच टक्क्यांच्या आसपास रंग जातो. या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड आहे, रेझिन आहे, ते बनवायला लागलेली ऊर्जा आहे. बादलीचं वजन दहा टक्के कमी केलं तर शंभर ग्रॅम प्लास्टिक वाचतं. चिकटलेला थर अर्धा केला तर दोनशे मिलिलिटर, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास रंग वाचतो. शिवाय तो रंग धुऊन गटारात जात नाही. तेव्हा आतून एकही कड, फासळी, खाच ठेवू नका. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे गोलाई द्या, आणि ती गोलाई बाजारातल्या रबरी पट्टीच्या टोकाला जुळेल अशी असू द्या. लिटरच्या रेघा उंच नकोत, नुसत्या खरखरीत पुरतात.

चौकोनी डब्याचा पर्याय इथेच मागे पडतो. त्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: गोल बादल्या शेजारी-शेजारी लावल्या तर जागेच्या ७८ टक्क्यांच्या आसपासच भरते, चौकोनी डबे जवळजवळ सगळी जागा वापरतात, म्हणजे टेम्पोच्या फेऱ्या कमी. अमेरिकेत डच बॉय या ब्रँडने २००२ साली फिरकीच्या झाकणाचा, ओतायला चोच असलेला चौकोनी डबा आणला होता आणि घरगुती गिऱ्हाइकाला तो आवडलाही. पण तो सुमारे पावणेचार लिटरचा गॅलन होता. दहा-वीस लिटरला चौकोनी भिंती फुगतात, कोपऱ्यात रंग अडकतो आणि शेकरमध्ये कोपरे नीट घुसळले जात नाहीत. चार लिटरला करा हवं तर.

पुठ्ठा आणि पिशवी. युरोपच्या कोरड्या गोदामात चालेल. जूनमध्ये आमच्या साइटवर खिडक्यांना काचा नसतात, खाली पुट्टीचा चिखल असतो. दुसऱ्या दिवशी खोक्याचा तळ सुटतो. आणि पिशवी जर अनेक थरांची, वेगवेगळी प्लास्टिकं चिकटवलेली असेल, तर ती कोणताही भंगारवाला फुकट दिली तरी घेत नाही. वजनाला हलकी म्हणून अहवालात चांगली दिसेल, शेवट कचराडेपोतच. पिशवीचा एक उपयोग मात्र मला पटतो: एकाच जातीच्या पातळ पॉलिथिनची अस्तराची पिशवी, बादलीच्या आत. रंग संपत आला की पिशवी पिळून काढायची, बादली कोरी राहते. पण रोलर थेट बादलीत बुडवणाऱ्याला ती आडवी येते, म्हणून ती फक्त तिथेच द्या जिथे बादल्या परत घ्यायच्या आहेत.

परत घेण्याबद्दल स्पष्ट सांगतो. सुटी घरं रंगवणाऱ्यांकडून बादली परत येणार नाही, कारण ती बादली कोणाची यावरून आधीच तीन दावेदार असतात: घरमालक, रंगारी आणि मी. रंगाची रिकामी बादली आपल्याकडे कचरा नसतेच. ती बाथरूममध्ये जाते, गच्चीवर तुळस-कढीपत्ता लावायला जाते, बांधकामावर पाणी मारायला जाते, उरलेली भंगारात किलोवर विकली जाते. बाकीच्या जगात जो पुनर्वापर शिकवावा लागतो तो इथे फुकट चालू आहे. तुम्ही फक्त त्याच्या आड येऊ नका. बादली इतकी पातळ करू नका की दुसऱ्या जन्मात ती महिनाभरही टिकणार नाही. लहान बादलीतलं जास्तीचं प्लास्टिक वसूल होतं म्हणालो, ते इथे. दहा लिटरची बादली घरात वीसपेक्षा जास्त वापरली जाते. भरलेली वीसची बादली घरातली आजी उचलू शकत नाही.

एक धोका मात्र आहे. लोक या बादल्यांत धान्य, पीठ, कधी लोणचंही भरतात. इमल्शन सडू नये म्हणून त्यात जंतुनाशकं घातलेली असतात आणि प्लास्टिक थोडंफार शोषून घेतं. बादलीच्या अंगावर, लेबलवर नव्हे तर साच्यातच उठवून, 'खाण्याचे पदार्थ आणि पिण्याचं पाणी ठेवू नका' असं मराठीत लिहा आणि शेजारी ताट-पेल्यावर फुली काढा. लेबल सोललं जातं, उठवलेलं राहतं.

परत घेणं जमेल ते मोठ्या बिल्डरच्या साइटवर. तिथे महिन्याला शंभर-दोनशे बादल्या एका जागी रिकाम्या होतात, तुमचाच टेम्पो नवा माल घेऊन जातो आणि रिकामा परततो. बादल्या एकात एक बसणाऱ्या असल्या की दोनशे बादल्यांना फार जागा लागत नाही. तिथे बादलीमागे अनामत ठेवा आणि अस्तराची पिशवी द्या.

मटेरियलवर थोडक्यात. प्लास्टिक पॉलिप्रॉपिलिन जातीचंच ठेवा. लेबल साच्यातच बसवलेलं आणि तेही पॉलिप्रॉपिलिनचं असू द्या, म्हणजे सोलायला नको. पण अंगभर गडद छपाई नको, बादली वितळवून केलेला प्लास्टिकचा दाणा सगळा करडा होतो आणि भाव पडतो. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत प्लास्टिक कसं निवडतात ते एकदा जाऊन पाहा. हाताने मोडून, वासावरून, जाळून. तिथल्या माणसाला तुमची बादली ओळखायला दोन सेकंद लागले पाहिजेत. पुनर्वापराचा दाणा मिसळणं आता निव्वळ हौसेचं काम राहिलेलं नाही. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या (वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकाची) मार्गदर्शक सूचनांत कडक प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्वापराचं प्लास्टिक २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असं लक्ष्य घातलंय. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी जबाबदारीची मांडणी वेगळी आहे, ती तुमच्या सल्लागाराकडून समजून घ्या. साइटच्या बाजूने माझी एवढीच अट: पुनर्वापराचा दाणा अंगात आणि झाकणात घाला, पण कडीच्या कानांची जाडी त्यासोबत वाढवा. दाणा जुना असला की बादली आधी तिथेच तडकते. आणि रंग काळा-करडा झाला तर होऊ द्या. आम्हा कंत्राटदारांना पांढऱ्याशुभ्र बादलीचं काही पडलेलं नाही.

जाता जाता: इमल्शनमध्ये पाण्याचा वाटा मोठा असतो आणि ते पाणी आपण टेम्पोतून फिरवतो. सिमेंट पेंट अजून पोत्यात, पावडरीच्या रूपात येतो, पाणी साइटवर पडतं. कोरडं डिस्टेंपरही तसंच यायचं. तुमचा केमिस्ट तयार असेल तर प्रायमरपुरता तरी हा रस्ता बघण्यासारखा आहे. भिंतीच्या वरच्या कोटासाठी नको, साइटवरचं पाणी कधी बोअरचं तर कधी टँकरचं, शेड आणि पोत दोन्ही हलतात.

साचा कापायला द्यायच्या आधी एक करा. वेगवेगळ्या मुठींचे आणि दोन मापांचे दहा नमुने हाताने बनवून घ्या, आत रंगाच्या वजनाची पुट्टी भरा आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर न्यायला लावा. मला किंवा डीलरला विचारू नका, आम्ही दर बघून उत्तर देतो. ज्याने वाहिली त्या पोराला विचारा, आणि तेही संध्याकाळी सहानंतर, त्याने दिवसभराचं काम संपवल्यावर. सकाळी दहाला त्याला सगळ्याच बादल्या हलक्या वाटतात.